गळती शोधणारे आप्पा

भांडगावचे नामदेवआप्पा पत्र्याचं काम बनियनवर करतात, पण गळती तपासायची वेळ आली की इस्त्रीचा पांढरा शर्ट घालतात. मग गाडीच्या बंद बॉडीत स्टूल टाकून बसायचं, दार लावून घ्यायचं आणि बाहेरून कुणीतरी टपावर पाइपानं पाणी सोडायचं. गळलं की शर्टावर तांबडा डाग. "डोळं फसत्यात, शर्ट फसत न्हाई," असं ते म्हणतात. लग्नालाही तेच शर्ट. कुणी विचारलंच तर कुठला डाग कुठल्या गाडीचा, हे ते भर पंगतीत सांगत बसतात.

आप्पा फक्त लिलावात निघालेल्या मिलिटरीच्या जुन्या गाड्या दुरुस्तीला घेतात. मी शिरूरचा निवृत्त शिक्षक. गावोगाव वाचनालय फिरवायला असाच एक ट्रक घेतला आणि तो पहिल्यांदा धुतला तेव्हाच दोन खोकी पुस्तकं भिजली. आप्पांनी तीन आठवडे खपून गंज खरवडला, कुजका पत्रा कापून नवा जोडला.

तपासणीच्या दिवशी पाइप माझ्या हातात होता. ऊन भाजत होतं. दहा मिनिटांनी पाणी बंद करून दार ओढलं, तर उघडेना. जुनी कडी आतून अडकली होती. आतून आप्पा शांतपणे म्हणाले, "वढू नका सर, दार वाकंल."

त्यानंतर ते बोललेच नाहीत. मी हाका मारल्या, पत्र्यावर मुठी आपटल्या. सत्तरीचा माणूस, तापलेल्या पेटीत. शेडवर तिसरं कुणी नव्हतं. मी जन्मात ग्राइंडर धरला नव्हता, तो उचलून बिजागरीला लावला. ठिणग्या तोंडावर उडाल्या. एक बिजागरी तुटली, दुसरीवर चकतीच फुटली. नवी कशी बसवतात ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी फटीत पहार घालून अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. दार सुटून खाली आदळलं.

स्टूल रिकामं होतं. आप्पा कोपऱ्यात उकिडवे, घामानं निथळत, शर्टाची बाही लालभडक. मला ते रक्तच वाटलं. पण तो गंज होता. हाका ऐकू आल्या नाहीत का, मी विचारलं.

"आल्या की. हे वाचत हुतो."

त्यांनी बॅटरी धरली. पाण्यानं जुना रंग सुटला होता आणि त्याखाली कुणा जवानानं खिळ्यानं कोरलं होतं: धनसिंग. मग गाव, डाकखाना, जिल्हा. पाणी तिथूनच झिरपत होतं.

आप्पांनी तेवढा तुकडा अलगद कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या. पोस्टानं पाठवायचा म्हणाले. एवढ्या वर्षांनी तो माणूस तिथं असेल का, अशी शंका मी काढली.

"मानूस नसंल. गाव तर जाग्यावर आसंल का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी आम्ही यवतच्या पोस्टात गेलो. चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली: तुमची गाडी आमच्याकडं आहे, बरी आहे, आता पुस्तकं वाहते. खाली स्वतःचा पत्ता घालायला सांगितला, आणि तो बरोबर लिहिलाय ना, हे दोनदा वाचून घेतलं. बायको गेल्यापासून आप्पा एकटेच राहतात. त्या पत्त्यावर पत्र असं कधी येत नाही.

परवा मी शेडवर गेलो होतो. समोरून पोस्टमनची फटफटी गेली. ती नजरेआड होईपर्यंत आप्पांनी ग्राइंडर बंद ठेवला.