सत्तरपैकी अडुसष्ट

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता लतिकाबाईंनी आपल्या दिवंगत यजमानांचं सर्वांत लाडकं नाणं पंच्यात गुंडाळलं, बाल्कनीच्या फरशीवर ठेवलं आणि त्यावर खलबत्त्यातल्या बत्त्याने तीन घाव घातले. तिसऱ्या घावाला आतलं प्लॅस्टिक फुटलं आणि त्याच क्षणी दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे शेजारी होते.

"रविवारी ठोकाठोक चालत नाही म्हणतायत," जावई प्रसन्न दार लावून आत येत म्हणाला. "मी सांगितलं, सॉरी, धार्मिक कारण आहे. आई, कारण नक्की काय आहे?"

"विड्यावर ठेवायला नाणं हवं होतं."

"एवढे युरो पडलेत की घरात!"

"परक्या देशाचं नाणं गणपतीपुढे? एक तरी आपलं नको का?" लतिकाबाईंनी पंचा झटकला. "आणि यांचं असलं, म्हणजे हे पूजेला असल्यासारखं झालं."

नंदिनी आंघोळ करून बाहेर आली तेव्हा तिचे बाबा, आत्मारामपंत, शेवटपर्यंत ज्या नाण्याला दोन बोटांनी फक्त कडेला धरत, ते नाणं विड्याच्या पानांवर सुपारीशेजारी मोकळं पडलेलं तिला दिसलं.

"आई, फोडलंस?"

"उघडलं."

"त्याला झाकण नसतं!"

"तेच म्हणते मी. डबा करायचा आणि झाकण द्यायचं नाही, ही कुठली पद्धत?"

आत्मारामपंत वीज मंडळातून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांना एकच नाद होता. साधी, चलनातली, पण नवीकोरी नाणी शोधायची आणि ती तपासायला तज्ज्ञांकडे पाठवायची. तज्ज्ञ भिंगाखाली नाणं बघून सत्तरपैकी गुण देत आणि गुणांच्या लेबलासकट ते कायमचं पारदर्शक डबीत बंद करून परत पाठवत. नाणं पाच रुपयांचं आणि तपासणीची फी अडीच हजार. लतिकाबाई याला नाण्याचं प्रगतिपुस्तक म्हणत. "स्वतःला दहावीला कधी एवढे पडले नाहीत, म्हणून नाण्यांना क्लास लावलाय," असं त्या आल्यागेल्याला सांगत. त्यावर आत्मारामपंत हसत आणि अकरा डब्या पुन्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रांगेने लावत. अकरांत हे पाच रुपयांचं पिवळसर नाणं पहिलं आलं होतं. सत्तरपैकी अडुसष्ट.

आठ महिन्यांपूर्वी ते गेले. तीन महिन्यांसाठी जर्मनीत नेकारसुल्मला लेकीकडे येताना लतिकाबाईंनी साड्या कमी केल्या, पण तो पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन आणला. फ्रँकफर्टच्या विमानतळावर तो दोनदा उघडून दाखवावा लागला. दोन्ही वेळा त्यांनी अधिकाऱ्याला मराठीत बजावलं, "कडेला धरा हं."

म्हणूनच नंदिनी आईला रागावली नाही. नव्या घराची पूजा होती. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर ताटकळत होते. "संध्याकाळी मी ते कापसात गुंडाळून डब्यात ठेवते," एवढंच ती म्हणाली. संध्याकाळी पाहुणे आले, शिरा कमी पडला आणि ते राहून गेलं.

सोमवारी प्रसन्न घरून काम करत होता. दुपारी त्याने पूजेची आवराआवर केली. तो नीटनेटका माणूस. विड्यावरच्या नाण्याला हळदकुंकू लागलेलं दिसलं, म्हणून त्याने ते भांड्यांचा साबण लावून, घासणीच्या हिरव्या बाजूने स्वच्छ घासलं. चकचकीत झालं. मग ते पुसून दाराजवळच्या वाटीत टाकलं, कारण त्या घरात नाणी दाराजवळच्या वाटीतच राहतात. सुपरमार्केटची ट्रॉली सोडवायला तिच्या खाचेत घालायचे आणि ट्रॉली जागेवर लावली की परत मिळणारे युरो त्या वाटीत असतात.

पाच वाजता तो सासूबाईंना घेऊन सामान आणायला निघाला. जाताना हात वाटीत गेला. पाच रुपयांचं नाणं युरोपेक्षा केसभरच लहान. ट्रॉलीच्या दांड्यावरच्या खाचेत ते खटकन बसलं, साखळी सुटली आणि प्रसन्न फोनवर ऑफिसचं बोलत आत गेला. सामान गाडीत भरून झाल्यावर एक आजोबा समोर आले. त्यांनी युरो पुढे केला आणि ट्रॉलीकडे बोट दाखवलं. तुमची ट्रॉली मला द्या, हा माझा युरो घ्या, दोघांचाही हेलपाटा वाचेल, असा हा इथला शिरस्ता आहे. प्रसन्नने आनंदाने ट्रॉली दिली.

सहाला नंदिनी कामावरून घरी आली. हातात कापूस घेऊन ती घरभर फिरली आणि मग विचारलं, "बाबांचं नाणं कुठाय?"

प्रसन्नने वाटीत पाहिलं. मग खिशातला युरो बाहेर काढून त्याच्याकडे पाहिलं. मग तो खुर्चीवर बसला.

"आल्झो, म्हणजे असं की," तो म्हणाला, "रागावू नकोस."

त्याने सगळं सांगितलं. धुतल्याचंही सांगितलं, कारण एकदा सुरुवात केल्यावर त्याला थांबता आलं नाही.

"घासणीने?" नंदिनीचा आवाज अगदी लहान झाला. बाबा म्हणत, जुनं असो नवं असो, नाणं कधी धुवायचं नाही. धुतलेलं नाणं तज्ज्ञ एका नजरेत ओळखतात आणि गुणच देत नाहीत.

"म्हणजे मी फोडलं, तुम्ही घासलं आणि एका युरोला विकलंत," लतिकाबाई म्हणाल्या. "पाच रुपयांचे शंभर केलेत, प्रसन्नराव. यांना एवढा नफा कधी जमला नाही." आणि बोलता बोलता त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चला. बसलात काय?"

पार्किंगमध्ये पोहोचल्यावर नंदिनीने विचारलं, "ते आजोबा दिसायला कसे होते?"

"पांढरे केस. बेज रंगाचं जाकीट."

तिघांनी समोर पाहिलं. पांढऱ्या केसांचे आणि बेज जाकिटाचे सात जण त्या क्षणी ट्रॉल्या ढकलत होते.

नंदिनी एकेकाला गाठून विचारू लागली, "माफ करा, तुमच्या ट्रॉलीत कुठलं नाणं आहे, बघू शकते का?" पहिल्याने पिशवी छातीशी धरली. दुसऱ्याने हे कुठल्या टीव्ही कार्यक्रमासाठी आहे का, असं विचारलं. तिसरी एक बाई होती. तिने थांबून कारण विचारलं आणि नंदिनीने खरं ते सांगितलं. माझे वडील गेले, त्यांचं नाणं होतं, चुकून ट्रॉलीत गेलं. बाईने आपली ट्रॉली तिथेच सोडली आणि ती पुढच्या माणसाला थांबवायला धावली.

दहा मिनिटांत आठ जण शोधू लागले. सायकलचं हेल्मेट घातलेल्या एका उंच माणसाने सूत्रं हातात घेतली. "हे असं नाही होणार," तो म्हणाला. "पद्धतशीर करू. आजोबांनी ट्रॉली परत लावली असेल, तर नाणं निघताना खाली पडलेलं असू शकतं. सगळ्या ट्रॉल्या बाहेर काढू, रांगेखाली बघू."

"पण एकेक ट्रॉली सोडवायला एकेक युरो लागेल," प्रसन्न म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," हेल्मेटवाला म्हणाला आणि त्याने हेल्मेट काढून झोळीसारखं पुढे धरलं.

लोकांनी त्यात युरो टाकले. कोणी युरोच्या मापाची प्लॅस्टिकची चकती टाकली, कोणी पोलंडचं नाणं, एकाने युरोआधीच्या मार्काच्या जमान्यातलं जुनं नाणं टाकलं आणि ते मात्र परत हवं म्हणून बजावलं. चाळीस ट्रॉल्या पार्किंगभर पसरल्या. रांगेच्या जागी दोन बिलं, एक हातमोजा आणि लहान मुलाचा एक बूट मिळाला. पाच रुपये मिळाले नाहीत.

मग ट्रॉल्या परत लावायची वेळ आली, तेव्हा कोणती चकती कोणाची आणि युरो कोणाचे, यावर चर्चा सुरू झाली. आवाज चढला नाही, पण चर्चा लांबली. दोन गाड्या ट्रॉल्यांमागे अडकून उभ्या राहिल्या. दुकानात शिरणाऱ्यांना ट्रॉली मिळेना आणि शेवटी दुकानाच्या माहिती काउंटरवरच्या फ्राउ माउरर, म्हणजे माउररबाई, बाहेर आल्या.

"इथे काय चाललंय?"

हेल्मेटवाल्याने लतिकाबाईंकडे मानेने खूण करून हळू आवाजात फ्राउ माउररना दोन वाक्यं सांगितली. फ्राउ माउररनी ट्रॉल्यांकडे पाहिलं, मग लतिकाबाईंच्या चपलांकडे पाहिलं. बाहेर चार अंश तापमान होतं.

"आत या," त्या म्हणाल्या. "हरवलेल्या वस्तूंचा फॉर्म असतो."

काउंटरवर त्यांनी चष्मा लावला. "वस्तू?"

"नाणं," नंदिनी म्हणाली.

"किंमत?"

"पाच रुपये."

फ्राउ माउररनी फोनवर हिशेब केला. पाच सेंट. त्यांनी काचेतून बाहेरच्या चाळीस ट्रॉल्यांकडे एकदा नजर टाकली आणि फॉर्मवर व्यवस्थित लिहिलं, पाच सेंट. त्या हसल्या नाहीत. त्या क्षणी नंदिनीला त्यांचा हात धरावासा वाटला.

"वस्तूची अवस्था?"

"सत्तरपैकी अडुसष्ट." मग नंदिनीला घासणी आठवली. "म्हणजे, कालपर्यंत."

"इथे तीनच रकाने आहेत. नवीन, वापरलेलं, मोडकं." फ्राउ माउररनी पेन थांबवलं. "मी हे रिकामं ठेवते. मिळालं की बघून लिहीन."

नंदिनीने आपलं नाव आणि फोन नंबर सांगितला. तेवढ्यात बाहेरून प्रसन्नने हाक मारली. पोलंडच्या नाण्याचे दोन मालक निघाले होते. आईला काउंटरपाशी ठेवून ती बाहेर धावली.

मंगळवार गेला. बुधवार गेला. प्रसन्न संध्याकाळी न सांगता दुकानात जाऊन येई आणि निमित्त म्हणून दही आणे. फ्रिजमध्ये दह्याचे सहा डबे झाले. त्याने एकदा धीर करून म्हटलं, "आई, इंटरनेटवर तसंच नाणं मिळतं. तेवढ्याच मार्कांचं."

"मिळेल ना," लतिकाबाई कणीक मळत म्हणाल्या. "पण यांनी ते आणलं त्या दिवशी वाणी सुटे मोजून देत होता, तर हे मध्येच ओरडले, हात लावू नका! अख्खं दुकान दचकलं. मी आठ दिवस त्या वाण्याकडे गेले नाही लाजेने." त्यांनी गोळ्यावर तेलाचा हात फिरवला. "ते मिळेल का इंटरनेटवर?"

प्रसन्न त्या संध्याकाळी दह्याबरोबर चीजही घेऊन आला.

गुरुवारी दुपारी नंदिनीला ऑफिसात फोन आला. फ्राउ माउरर होत्या. "तुमची वस्तू आली आहे. ओळखपत्र घेऊन या."

तिघं गेले. काउंटरवर हवाबंद छोटी पिशवी होती. तिच्यात नाणं आणि वर चिकटवलेला पांढरा कागद. सोबत घडी घातलेली चिठ्ठी होती, ती नंदिनीने उभ्याउभ्याच वाचली. बेज जाकिटाचे आजोबा, हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रेंडले, यांनी लिहिलं होतं. ट्रॉली परत लावली तेव्हा खाचेतून आपल्या युरोऐवजी हे बाहेर आलं. अंधार पडला होता, तेव्हा घरी गेल्यावरच लक्षात आलं. हे कोणाचं तरी जपलेलं असावं असं वाटलं, कारण ते फार स्वच्छ आहे. गुडघा दुखत असल्याने तीन दिवस येता आलं नाही, क्षमस्व. आपला युरो सोयीने परत मिळाल्यास आभारी राहीन, न मिळाल्यास हरकत नाही.

प्रसन्नने खिशातून तो युरो काढला. चार दिवस त्याने तो वेगळा ठेवला होता, खर्चायचा धीर झाला नव्हता. त्याने तो काउंटरवर ठेवला.

"नुसता?" लतिकाबाईंनी पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढून युरोशेजारी ठेवला. मग दुसरा काढला. "हा या बाईंना. आणि ते हेल्मेटवाले येतात का गं, विचार. त्यांचाही आणलाय."

नंदिनीने विचारलं. येतात, शनिवारी, असं कळलं. फ्राउ माउररनी तिसऱ्या डब्यालाही रीतसर चिठ्ठी लावून तो मागे फळीवर ठेवला.

गाडीत बसल्यावर नंदिनीने दिव्याखाली पिशवीवरचा कागद वाचला. "वस्तू: नाणे, परदेशी, एक नग. अवस्था: वापरलेले, स्वच्छ."

"बरोबर तपासलंय," ती म्हणाली. तिला हसू यायला लागलं आणि मग थांबवता येईना. "फोडलं तेव्हा नवीन होतं, वापरलं ट्रॉलीला, स्वच्छ केलं प्रसन्नने. बाबांच्या तज्ज्ञांनी भिंग लावूनही हेच लिहिलं असतं."

"सॉरी म्हटलं ना मी!" प्रसन्न गाडी मागे घेत म्हणाला. "आई, घरी गेलं की आपण ते पिशवीतून काढून नीट कापसात ठेवू. चांगली डबीही मागवतो मी, झाकणाची."

नंदिनीने कागदाची पुढची ओळ वाचली आणि तिचं हसू थांबलं. तिने ती पुन्हा वाचली.

"आई, मालक म्हणून मी माझं नाव दिलं होतं."

"हो."

"इथे बाबांचं आहे. आत्माराम सदाशिव पुराणिक."

"तू बाहेर गेलीस तेव्हा मी बदलून घेतलं."

"कसं सांगितलंस त्यांना?"

"नाव सांगायला जर्मन कशाला लागतं?" लतिकाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुझ्या नावावर बोट ठेवलं, नाही म्हणून मान हलवली आणि यांचं सांगितलं. तीनदा सांगावं लागलं. अक्षरं लागत नव्हती बाईला."

नंदिनी आईकडे बघत राहिली. बेचाळीस वर्षांच्या संसारात लतिकाबाईंनी नवऱ्याचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडातून काढलं नव्हतं. बँकेत, दवाखान्यात, शाळेच्या फॉर्मवरसुद्धा त्या शेजारच्या माणसाला म्हणत, तुम्हीच सांगा यांचं नाव.

प्रसन्नने सिग्नलला गाडी थांबवली आणि मागे हात केला. "द्या इकडे, बघू तरी. पिशवीचं तोंड उघडतं ना हे?"

"अजिबात नाही!" लतिकाबाईंनी पिशवी दोन बोटांनी, फक्त कडेला धरून झटकन आपल्याकडे ओढली. "बाकीच्या दहा डब्यांवर आहे का कुठे यांचं नाव? हात लावायचा नाही कोणी. पक्कं बंद करून दिलंय त्या बाईने."