वेंकोबरावांचं शेवटचं आसन

वेंकोबरावांचं तोंड पाहण्याआधी मी त्यांचे तळपाय पाहिले. कुंभकोणमला आम्ही नवं बिऱ्हाड मांडलं त्या दिवशी सकाळी दार उघडतो तो काय, समोरच्या ओट्यावर दोन पाय आभाळाकडे गेलेले. मी थबकलो. तेवढ्यात जमिनीजवळून आवाज आला, "नवे आलांत काय? या, बसा. कापी जाली?" कॉफीला तिकडे कापी म्हणतात.

मी गेलो, बसलो. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मान वाकडी करावी लागे, आणि वर तेच 'सर'चं 'सार' करून मला बजावत, "सार, मान सरळ ठेवा."

नोंदणी कचेरीत तीस वर्षं दस्तांच्या नकला करून रावांच्या पाठीला कायमचा पोक आला होता. "इंग्रजानें तंजावरचं राज्य घेतलं तें घेतलं, माझी पाठ कशास घेतली?" हे ते दिवसातून एकदा तरी विचारत. निवृत्त झाल्यावर तळ्याकाठी उतरलेल्या एका बैराग्याकडून ते आसनं शिकले. शिकून पोक गेला नाही. पण एक सिद्धांत मात्र पदरात पडला. "सातव्या वर्षाआधीं पाठ सरळ केली तर केली. मग गव्हर्नर आला तरी होत नाहीं."

झालं! लोक नव्या माणसाचं गोत्र विचारतात, राव पोरांचं वय विचारू लागले. माझी तुळजा पाच वर्षांची आहे हे कळल्यावर त्यांनी मला विचारलंदेखील नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या ओट्यावर एका पायावर उभी होती.

रोज सकाळी नऊ पोरं जमत. संस्कृत नावं ऐकली की पोरं जांभया देतात, म्हणून रावांनी नावं बदलली होती. एका पायावर उभं राहणं म्हणजे 'नारळ'. गुडघ्याला नाक लावणं म्हणजे 'कारकून'. पोट पुढे काढून मागे वाकणं म्हणजे 'तहसीलदार', आणि ते करताना कुणी हसलं तर राव गंभीरपणे सांगत, "तहसीलदार हसत नाहीं." ताठ बसवून ते प्रत्येकाच्या डोक्यावर विड्याचं पान ठेवत. पान पडलं की पाठ वाकली.

सगळ्यात शेवटी सगळ्यांनी उताणं निजायचं. तेच पान आता पोटावर ठेवायचं, आणि ते वरखाली होताना आपले श्वास मोजायचे. या आसनाला मात्र रावांनी नवं नाव शोधलं नव्हतं. बैराग्यानं सांगितलेल्या शवासनाचंच सरळ 'मडं' केलं होतं. हलला त्याला गूळ नाही. तुळजाला अंक विसापर्यंतच येत. राव मला चिडवत, "गणिताचे मास्तर, आणि लेक विसांत अडकली!"

एकदा माश्या फार झाल्या, म्हणून रावांनी आपलं लांबलचक पांढरं धोतर नऊच्या नऊ पोरांवर गळ्यापर्यंत पांघरलं. ओटा दक्षिणेकडे तोंड करून. त्यामुळे नऊ जोड्या पाय दक्षिणेला. नेमकी तेव्हाच माझी आई देवळातून परत आली. तिला दिसायचं कमी, आणि जेवढं दिसलं तेवढं पुरेसं होतं.

"अय्यो! माझं सोनं गेलं गे!" आईनं रस्त्यातच बैठक मारली आणि ऊर बडवायला सुरुवात केली. आळीतल्या बायका धावल्या, त्यांनीही सूर लावला. एक जण अंगावर साबण तसाच घेऊन आला. कुणी घागरभर पाणी पोरांवर ओतलं. तरी एक पोर हलेल तर शपथ! शेवटी धोतराखालून तुळजाचा दबका आवाज आला, "अज्जी, रडूं नको. हललें तर गूळ देत नाहींत."

त्या दिवसापासून ओटा ओस पडला. जिवंत पोरांना मडं करणाऱ्याकडे कोण पाठवणार? राव उलटे उभे राहिनासे झाले. नुसते सुलटे बसून असत. इतके दिवस शेजारी राहून त्यांचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. मला फार वाईट वाटलं.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "राव, तेवढं एक आसन सोडा. बाकीच्याला कुणाची ना नाही."

"बाकीचं सगळं सोडतों," राव म्हणाले. "तेवढं नाहीं."

"अहो, पण पाठीसाठी तर बाकीचीच!"

राव मग हळूच म्हणाले, "सार, बायको जाऊन बारा वर्षं जालीं. मूल जालं नाहीं. ह्या घरांत माझाच एक श्वास ऐकूं येतो. पोरं निजतात तेव्हां नवांचे येतात. नारळ, कारकून हें सगळं त्यांस दमवायास."

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिनं पदराला डोळे पुसले आणि काठी टेकत तडक समोर गेली. "राव, तुमच्या बैराग्यास मुलं होतीं काय? त्या आसनाचं नाव पाळणा ठेवा. उशा पूर्वेस. आणि तें धोतर पेटींत घाला!" मग आळीतल्या आठ घरांत ती स्वतः जाऊन आली. जिनं रडं सुरू केलं तिनंच सांगितल्यावर कोण नाही म्हणणार?

दुसऱ्या दिवशी पोरं आली. नारळ झाला, तहसीलदार झाला. पाळण्याच्या वेळी पूर्वेकडे डोकी करून सगळी निजली. राव पंख्यानं वारा घालत बसले होते. तुळजानं एक डोळा उघडला. "अज्जा, तुम्हीहि निजा कीं."

राव तिच्या शेजारी आडवे झाले. पोक असल्यामुळे उताणं निजवेना, म्हणून कुशीवर. पाहता पाहता त्यांचा डोळा लागला.

शाळेची वेळ झाली म्हणून मी तुळजाला न्यायला गेलो. पोरं उठून रावांभोवती कोंडाळं करून बसली होती, गुळाचीही कुणाला आठवण नव्हती. तुळजानं ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. ती रावांचे श्वास मोजत होती. वीस झाले की थांबायची, आणि पुन्हा एकपासून सुरू करायची.