हिरव्या बाणाची परवानगी

खैरनारकाका संगणकातून पेनड्राइव्ह काढायला लागले की खोलीतल्या कोणी हलायचं नाही, असा त्यांच्या घरचा नियम होता. ऐन मे महिन्यात पंखासुद्धा बंद. पडद्याच्या कोपऱ्यातल्या हिरव्या बाणावर टिचकी मारायची, आता खुशाल काढा असं संगणकाने कळवायचं, ते काकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचायचं आणि मग पायातला काटा काढावा तसा तो पेनड्राइव्ह चिमटीने बाहेर घ्यायचा. मध्ये कोणी शिंकलं की सगळं पहिल्यापासून.

काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. देवळाली कॅम्पात लष्कराच्या भांडारावर नोकरी करून निवृत्त झालेले. तिथे कामाचा चार्ज दिल्याशिवाय माणूस रजेवरही जात नसे, असं ते अभिमानाने सांगत. "आधी मोकळं तर करू द्या," हे त्यांचं पालुपद. फोनवर "ठेवू ना?" असं विचारून समोरच्याच्या होकाराची वाट बघत. बसमधून उतरताना कंडक्टरला "उतरतो हं" म्हणून सांगत आणि त्याने मान हलवेपर्यंत पायरीवर थांबत. त्या नादात द्वारका चौकात उतरायचं ते एकदा पुढच्या थांब्यावर उतरले आणि भर उन्हात चालत मागे आले.

मी पडलो घाईचा माणूस. एकदा त्यांच्या देखत माझा पेनड्राइव्ह सरळ ओढून खिशात टाकला. काका पांढरेफटक पडले. पाणी प्यायले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कोणालाही असं उपटून न्यायचं नसतं." एवढ्याशा प्लास्टिकसाठी एवढं? मी घरी येऊन बायकोला नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. काकांची बायको सकाळचा चहा ठेवता ठेवता गेली, हे तिच्या लक्षात होतं. काका तो विषय कधी काढत नसत.

मग तो दिवस आला. संध्याकाळी सोसायटीची सभा होती आणि मी तिच्या नोटिशीची प्रत घ्यायला काकांकडे गेलो होतो. भारनियमनाची वेळ झाली, दिवे गेले आणि टेबलाखालच्या यूपीएसने पीं पीं सुरू केलं. ती बॅटरी म्हातारी. चार-पाच मिनिटांच्या वर संगणक तगायचा नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक. काकांनी लगबगीने हिरव्या बाणावर टिचकी मारली. उत्तर आलं, की ही वस्तू वापरात आहे, नंतर प्रयत्न करा.

काकांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. "काढा सरळ, काही होत नाही," मी म्हणालो. त्यांनी दोन्ही तळवे पेनड्राइव्हच्या आडवे धरले, जणू मी चोरच.

"यात एकच गोष्ट आहे," ते म्हणाले. "जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतली. कॅसेट नंतर बुरशीने गेली."

"मग दुसरी प्रत काढून ठेवायची ना, काका."

"आणि काढताना काही झालं तर?"

मला चिडावं की हसावं कळेना. यूपीएस ओरडत होता. कोणता प्रोग्रॅम उघडा राहिलाय ते बघायला मी माउस घेतला. खाली तळाशी गाण्यांच्या प्लेअरची पट्टी दिसली. आवाज पूर्ण बंद आणि आत रेकॉर्डिंग चालूच. संपलं की पुन्हा सुरू, असं लावून ठेवलेलं.

"दिवसभर चालू असतं," काका खाली बघत म्हणाले. "ऐकवत नाही. पण चालू असलं की घरात कोणीतरी आहे असं वाटतं."

म्हणजे हिशेब साधा होता. ते बंद केल्याशिवाय पेनड्राइव्ह सुटणार नव्हता. मी बंद करायला गेलो तर काकांनी माझा हात धरला. मग स्वतःच आवाज मोठा केला.

सटाण्याकडची, अहिराणी वळणाची एक बाई टेपरेकॉर्डरला घाबरत बोलत होती. "चालू शे का?" मग हसली. मग कोणाला तरी पापड कसे लाटायचे ते समजावून सांगायला लागली. यूपीएसची पीं पीं आता सलग झाली होती. आता जाईल, आत्ता जाईल.

"काका, बंद करा."

"तिचं बोलणं तर संपू द्या," ते म्हणाले.

आयुष्यभर कंडक्टरच्या मानेची वाट बघणारा तो भित्रा माणूस त्या क्षणी अजिबात घाबरलेला नव्हता. पापड वाळत घालून झाले. बाई म्हणाली, झालं आता. काकांनी "बरं" म्हटलं, प्लेअर बंद केला, बाणावर टिचकी मारली. परवानगी आली. त्यांनी ती चष्मा न पुसता वाचली आणि पेनड्राइव्ह अलगद काढून घेतला.

संगणक विझला. अंधुक खोलीत काका पेनड्राइव्ह हातरुमालात गुंडाळत होते. सभेला उशीर होत होता, म्हणून मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो.

"निघू ना, काका?" मी विचारलं, आणि ते मान हलवेपर्यंत उभा राहिलो.