करदोड्याचा पेनड्राइव्ह

आमच्या सास्तूरच्या दिगंबरअण्णांच्या करदोड्याला पेनड्राइव्ह बांधलेला असतो. दुसरा ज्वारीच्या कणगीत आणि तिसरा माझ्या घरी, मेथीदाण्याच्या डब्यात. तिन्हींत माल एकच: अण्णांच्या भावकीची, झालंच तर अख्ख्या गावाची, सात पिढ्यांची वंशावळ.

अण्णा शाळेत कारकून होते. निवृत्त झाले, कॉम्प्युटर घेतला आणि गावाच्या मागं लागले. मी समोरच राहते, दरवर्षी त्यांना राखी बांधते, त्यामुळं मला पळून जायचीही सोय नाही. माणूस दिसला की अण्णा त्याचा फोल्डर उघडणार. जन्म, लग्न, आजोळ, फोटो, सगळं त्यात. जिवंत माणूस हिरव्या रंगात, गेलेला तांबड्या. भर रस्त्यात ओरडतात, "वैजू, तुला अजून हिरव्यातच ठेवलंय बरं का!" मेल्याहून मेल्यासारखं होतं हो!

कुणी गेलं म्हणून भेटायला जावं, तर तिथंही तेच. पंधरवड्यापूर्वी एका रडणाऱ्या म्हातारीला विचारलं, "तुमच्या सासूचं माहेर बेंबळी का परंडा?" मी डोळे वटारले.

"ही गेल्यावर कुणाला इचारू?" म्हणाले.

एकदा मी वैतागून म्हटलं, "अण्णा, एकच गोष्ट तीन-तीन ठिकाणी कशाला?"

"एकदा समदं एकाच माळवदाखाली ठेवलं व्हतं म्या."

त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची बायको, बहीण आणि तान्ही लेक घरावरच्या त्या मातीच्या माळवदाखाली गेली. अण्णांनी पुन्हा लग्न केलं नाही.

गेल्या आठवड्यात हाक आली, "वैजू, ये गं! हे डबडं ऐकंना." वंशावळीचा नवा प्रोग्राम घेतला होता आणि तो त्या लेकीची नोंदच घेईना. पडद्यावर एकच हेका: नाव भरा.

"बेबी लिहा की," मी म्हटलं.

"बेबी काय? माणूस हाय ती!" अण्णा पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. मग खाली बसले. "अकरा दिवसांची व्हती. दुसऱ्या दिवशी बारसं. घुगऱ्या भिजत घातल्या व्हत्या. नाव बहिणीनं ठरवलं व्हतं, पर मला सांगंना. म्हणली, आधी तिच्या कानात, मग तुला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बहिणीनं ते नाव गावातल्या एखाद्या बाईला तरी सांगितलं असेल, या एका आशेवर हा माणूस इतकी वर्षं म्हाताऱ्या धुंडाळत होता. आणि आम्ही त्याला हसत होतो.

"परवाची ती शेवटची म्हातारी. तिलाबी ठावं न्हाय," अण्णा म्हणाले. "आता आत्या म्हणायला तूच हाईस. ठेव नाव."

मी कीबोर्डकडं हात नेला. त्यांनी तो बाजूला सारला. "असं न्हाय. आधी कानात." आणि साठी ओलांडलेल्या त्या माणसानं टोपी काढून स्वतःचाच कान माझ्यापुढं केला.

मी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. अशा वेळी बाकीच्या बायका हसत हसत आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. तिथं धपाटा घालायला कुणीच नव्हतं. आम्ही दोघंच रडत बसलो.