मुक्याच्या बाजूचे वकील

धारवाडच्या कोर्टात जायला निघण्याआधी वामनराव सरदेशपांडे काळा कोट चढवायचे आणि आरशासमोर उभे राहून हवेत ठोसे हाणायचे. मग माझ्याकडे, म्हणजे आपल्या ज्युनिअरकडे वळून म्हणायचे, "चला की, आज मुकाच जिंकणार!"

मुका म्हणजे अमेरिकेतला एक अबोल मुष्टियोद्धा. त्याचा वैरी वाचाळ, साऱ्या जगाचा लाडका. सत्तरच्या दशकात दोघांच्या तीन लढती झाल्या. वामनरावांनी एकही पाहिली नव्हती. पण रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून वेचून त्या अशा रंगवायचे, की ऐकणाऱ्याने आपलाच गाल चाचपावा.

"वाचाळाचं लढायचं लायसन गेलं तेव्हा ह्याच मुक्यानं त्याच्यासाठी रदबदली केली. आणि तो ह्याला जगासमोर गोरिल्ला म्हणतो! ह्याला काय म्हंता?"

"कृतघ्नपणा," मी म्हणायचो.

"मग!"

मुक्याचा हा कैवारी स्वतः मात्र क्षणभर गप्प बसत नसे. बायको वारल्यापासून तर घरातलं बोलणंही कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्येच उरकायचे. उलट हिरेमठ वकील. दिवाणी दाव्यांत वामनरावांसमोर कायम हेच उभे. दिवसाकाठी मोजके शब्द बोलणार, आणि बाजू वाचाळाची! पहिली लढत मुक्याने जिंकली, पुढच्या दोन वाचाळाने. वामनराव पहिल्या लढतीवर अर्धा तास बोलले, की हिरेमठ चहा संपवून एवढंच म्हणत, "मनिला." तिसरी लढत मनिलात झाली होती. मग वामनराव दिवसभर धुमसत.

एकदा कलघटगीच्या एका बांधाच्या दाव्यात हिरेमठ शेवटचा युक्तिवाद करत होते. बोलता बोलता थांबले. अशिलाचं नाव आठवेना. कागद चाळले, घाम पुसला, पुन्हा कागद चाळले. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. आमचा अशील बसाप्पा खुशीत येऊन मला कोपराने ढोसू लागला.

तेवढ्यात वामनराव पोट धरून उठले. "माफी असावी, साहेब. पोटात भयंकर कळ आली. पुढची तारीख मिळावी."

तारीख मिळाली. बाहेर बसाप्पा तडकला. "तो गप्प झाला होता की हो! आणि तुम्हीच पळालात?"

"गप्प झालेल्या माणसाला मारायचं नसतं, अप्पा," वामनराव म्हणाले, आणि समोरच्या गाड्यावर जाऊन त्या दुखऱ्या पोटात चार मिरचीभजी ढकलली.

संध्याकाळी ते मला घेऊन उणकलला हिरेमठांच्या नव्या घरी गेले. त्यांच्या बायकोने, गंगक्कांनी, दार उघडलं. हिरेमठ खुर्चीत बसून होते. "बर्री, या," म्हणाले.

आम्ही बसलो. मग तेच म्हणाले, "नावं जातात हो अधूनमधून. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार."

वामनरावांना शब्द सुचत नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी हळूच म्हणाले, "मनिलात वाचाळच भारी होता. तुमचंच खरं."

हिरेमठ ताडकन सरळ झाले. "येन्री, हे काय! इतक्या वर्षांत कधी मान्य केलं नाही, आणि आज? मी काय मेलोय? भांडा की!"

वामनरावांचा चेहरा असा खुलला! खुर्ची पुढे ओढून त्यांनी मांडीवर थाप मारली. "मग ऐका! मुका लढायला तयार होता. त्याच्या माणसांनी त्याला शेवटच्या फेरीला उठू दिलं नाही. ह्याला काय जिंकणं म्हंता?"

"डोळे मिटले होते त्याचे!"

"मन उघडं होतं!"

आत गंगक्का चहाचं आधण ठेवता ठेवता हसत होत्या. "महिन्याभरात एवढा आवाज आला नव्हता ह्यांचा," मला म्हणाल्या.

अंधार पडायच्या सुमाराला आम्ही धारवाडच्या बससाठी घराजवळच्याच थांब्यावर आलो. बस आली. मी चढलो. वामनरावांनी पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला.

"तू हो पुढं. एक मुद्दा सांगायचा राहिला."

"उद्या सांगा की. घरी जायला उशीर होईल."

"घराला कुलूप आहे रे. कुलूप काय वाट बघतंय?"

बस हलली. खिडकीतून पाहिलं, तर वामनराव लगबगीने परत चालले होते, आणि ओट्यावरचा दिवा लावून हिरेमठ दुसरी खुर्ची बाहेर काढत होते.