डॉक्टरांची गाडी आणि सासूबाईंची दाढ

नव्या गाडीबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक वाचायचं नाही, असं दातांच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. "पुस्तक वाचून गाडी कळते होय? गाडी हाताला कळली पाहिजे," असं म्हणत त्यांनी ते जेवणाच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलं. (टेबल डुगडुगायचं थांबलं. तेव्हा पुस्तकाचा काही उपयोग झाला नाही, असं कोणी म्हणू नये.)

गाडी मात्र खरंच बघत राहावी अशी होती. विजेवर चालणारी, ऐसपैस एसयूव्ही. सीट पाठ चोळून देणार, छत उन्हात आपोआप गडद होणार, आणि चालणार इतकी मुकाट, की डॉक्टरांच्या घरात एवढं मुकाट दुसरं कोणीच नव्हतं. डॉक्टरांनी तिची बडदास्त ठेवली तीही तशीच. रोज सकाळी मऊ फडक्याने अंग पुसायचं. चाकांच्या खाचा टूथब्रशने घासायच्या, हलक्या हाताने, गोल गोल, पेशंटना शिकवतात अगदी तशा. चार्जिंग ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण तुडुंब खाणं कोणाच्याच तब्येतीला बरं नाही. आणि दोन पावलं जरी लांब जायचं झालं, तरी आधी गाडी लॉक करायची. बादली भरायला गेले, लॉक. फडकं पिळायला वळले, लॉक.

"अहो, माझ्याकडे कधी इतक्यांदा वळून बघितलंत का?" बायको एकदा म्हणाली.

"तुला कोण चोरणार?" डॉक्टर म्हणाले, आणि त्या दिवशीचा चहा त्यांनी स्वतःच करून प्यायला.

तर असा सगळा आनंदीआनंद होता. फक्त एक खडा अधूनमधून दाताखाली यायचा. सासूबाई.

डॉक्टर त्यांचे जावई होऊन जमाना लोटला होता, पण सासूबाईंनी त्यांच्यापुढे कधी आ केला नव्हता. त्यांचे दात बघायचा तो पुढच्या गल्लीतला डॉक्टर. (शिक्षणात आमच्या डॉक्टरांच्या मागे होता. दाराबाहेरच्या चपलांत मात्र फारच पुढे होता.) कोणी विचारलंच, "अहो, जावई दातांचे डॉक्टर ना तुमचे? कसा आहे हात?" तर सासूबाई पदर सावरत सांगायच्या, "हलका आहे म्हणे!" हा 'म्हणे' डॉक्टरांना इतका झोंबायचा, की पाहुणे गेले तरी त्यांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा असायचा.

आणि एका रविवारी बायकोने फोन खाली ठेवून बातमी दिली. "आईची दाढ ठणकतेय. मी मागेच लागले तेव्हा एकदाची तयार झाली. म्हणाली, बरं बाई, दाखवते तुझ्या नवऱ्याला. पण न्यायला या म्हणावं."

डॉक्टरांना हर्ष मावेना. त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. क्लिनिकमध्ये जाऊन खुर्ची पुसून आले, हत्यारं उकळून आले, आणि येताना घाईघाईत हातमोजे खिशातच घेऊन आले. बेत पक्का होता. सासूबाईंना गाडीत बसवायचं, सीट पाठ चोळणार, त्या सुखावणार, आणि मग दाढ कधी निघाली हेसुद्धा कळायचं नाही. त्या 'म्हणे'ला आज कायमची रजा!

खाली येऊन त्यांनी साबणाच्या पाण्याची बादली भरली, गाडीवर शेवटचा हात फिरवला, सवयीने लॉक केली, आणि भिंतीवरच्या चार्जरची गन, म्हणजे वायरीच्या टोकाचा तो पिस्तुलासारखा प्लग, गाडीतून काढायला गेले. गन निघेना.

ओढली. निघेना. पिळली. निघेना. गाडी भिंतीला अशी जखडलेली, जशी गोठ्यात गाय.

"निघालात का?" गॅलरीतून बायको.

"निघालोच!"

थोड्या वेळाने पुन्हा, "अहो, निघालात का? आई वाट बघतेय!"

"अगं, मी निघालोय, पण ही निघत नाहीये!"

"ही कोण?"

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला. त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, अजिबात जोर लावू नका. आधी मला एक सांगा..."

"बाई, घट्ट बसलेलं ओढून काढणं हा माझा रोजचा धंदा आहे. ते तुम्ही मला शिकवू नका."

"नाही सर, फक्त एवढंच विचारायचं होतं, की..."

डॉक्टरांनी फोन ठेवला. (उपचार चालू असताना समोरच्याने मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही.)

मग त्यांनी आपली विद्या बाहेर काढली. खिशातले हातमोजे चढवले. डावीकडे हलवायचं, उजवीकडे हलवायचं, मूळ सैल झालं की सरळ ओढायचं. गन जाम हलेना. गाडीने दिवे लुकलुकवून काहीतरी तक्रार केली. "घाबरायचं नाही, थोडंसंच दुखेल," डॉक्टर सवयीने म्हणाले. शेवटी त्यांनी एका पायातला बूट काढला (रंगावर ओरखडा नको!), ज्या बंपरवर ते माशीला बसू देत नसत त्यावर मोज्याचा पाय रोवला, दोन्ही हातांनी गन धरली आणि दात-ओठ खाऊन ओरडले, "निघत कशी नाहीस? आज मुळासकट उपटतो तुला!"

"जावईबापू."

फाटकाशी सासूबाई उभ्या होत्या. वाट बघून कंटाळून टॅक्सीने आलेल्या. गालाला रुमाल बांधलेला, आणि रुमालावर हात घट्ट दाबलेला.

"आई! मी... तुमच्याकडेच निघालो होतो."

"दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात बायको जिना उतरून धावत आली. "अहो, गाडी लॉक आहे का?"

"म्हणजे काय! लॉक न करता मी गाडीपाशी उभा राहीन?"

सासूबाईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. "अहो, तिला आधी तोंड तर उघडायला सांगा," त्या म्हणाल्या.

बायकोने नवऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि लॉक उघडण्याचं बटण दाबलं. टिक. गाडीने गन सोडली. डॉक्टरांनी गन सोडली नव्हती, त्यामुळे ते गनसकट मागे गेले आणि साबणाच्या बादलीत बसले. अगदी मापात बसले. त्यांना बाहेर काढायला दोघींना जोर लावावा लागला.

(गाडी लॉक असेपर्यंत ती गन सोडत नाही, कोणी चोरून नेऊ नये म्हणून. हे पुस्तकात अगदी सुरुवातीलाच लिहिलंय. बायकोने ते टेबलाखाली जाण्याआधीच वाचलं होतं; त्या संध्याकाळी टेबल उचलून दाखवलं.)

"चला आई," डॉक्टर पाणी निथळत म्हणाले, "क्लिनिक उघडतो."

सासूबाईंनी गालावरचा रुमाल सोडला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. "कशाला? आता अगदी बरं वाटतंय हो."

दाढ काही ऐकणारी नव्हती. दोन दिवसांत गाल पुरीसारखा फुगला, आणि सासूबाईंना दाढ काढायला न्यावं लागलं. पुढच्या गल्लीत. न्यायला अर्थातच डॉक्टर, कारण गाडी त्यांची. वाटेत त्यांनी पाठ चोळायचं बटण दाबलं.

"अगं बाई! हे काय गुदगुल्या करतंय?" सासूबाई दचकल्या. मग थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "जरा खांद्याकडे घेता येईल का?" आणि गल्ली येईपर्यंत डोळे मिटून, "गाडी मात्र झकास घेतलीत हो, जावईबापू."

डॉक्टरांचा ऊर भरून आला. मायलेकी आत गेल्या, तसे ते बाहेर गाडीचे आरसे पुसत बसले. दाढ दुसऱ्याच्या हातून निघत होती, पण मनाला कुठे टोचत नव्हतं. हवा छान होती, बॅटरी ऐंशी टक्के होती.

दवाखान्यातली मुलगी बाहेर आली. "आजींचे ड्रायव्हर तुम्हीच ना? झालं त्यांचं. हाताला धरून न्या."

परतीच्या वाटेवर सासूबाईंच्या तोंडात कापूस होता, म्हणून बायकोनेच खुलासा केला. "आता तिथे काय सांगणार ती? जावई दातांचे डॉक्टर आहेत म्हणून? तुमचीच अब्रू राखली तिने. उलट कौतुक केलं. म्हणाली, आमच्या ड्रायव्हरचा हात अगदी हलका आहे."

डॉक्टरांनी गाडीचा वेग कमी केला. मग त्यांनी विचारलं, "हलका आहे म्हणे, म्हणाल्या? की नुसतं हलका आहे?"

"नुसतं."

डॉक्टरांनी सासूबाईंच्या सीटचं बटण दाबून मालीश खांद्याकडे घेतलं आणि अगदी हलक्या हाताने गाडी घराकडे वळवली.