हप्ता कमी करण्याबाबत

जगात काही गोष्टी कमी होण्यासाठीच असतात. विहिरीचं पाणी, म्हशीचं दूध, वयाबरोबर दात. काही गोष्टी मात्र कमी होणं देशाला परवडत नाही. मोटारीच्या विम्याचा हप्ता हा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. हे ज्याला पटलं तो सुखी झाला. (असा माणूस अद्याप आढळलेला नाही.)

जामखेड तालुक्यातल्या गहिनीनाथनानांना ते पटलं नव्हतं, म्हणून एका मंगळवारी ते विमा कंपनीच्या शाखेत अर्ज घेऊन गेले. विषय : हप्ता कमी करण्याबाबत. बाजू भक्कम होती. गाडी अकरा वर्षांची, अपघात निरंक. शिवाय त्यांच्या रस्त्यावरचे एकूण अपघातही सत्तावीसवरून नऊवर आले होते. यात जनजागृती सप्ताहाचा मोठा वाटा होता. (रस्ता दीड वर्ष उकरून ठेवलेला होता आणि गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नव्हती, हे एक किरकोळ कारण.)

शाखेत भागवत बसायचा, नानांच्या शेजारच्या गावचा. कंपनीने त्याला टाय दिला होता, पंखा दिला नव्हता.

"आरं, अपघात कमी झाले न्हवं? मग हप्ता कसा काय वाढला?"

भागवतने शांतपणे समजावलं. अपघात झाला की कंपनीला खर्च येतो, म्हणून हप्ता वाढतो. झाला नाही तर तो टळला, असं लोक समजतात. कंपनीच्या दृष्टीने तो प्रलंबित असतो. त्या हिशेबाने नानांचे अकरा वर्षांचे अपघात थकलेले होते. शिवाय अपघात कमी झाले तरी बंपर महाग झाले, कारण हल्ली बंपरात कॅमेरे असतात. नानांचा बंपर तारेने बांधलेला होता. पण नाना ज्याला धडकतील त्याच्या बंपरात कॅमेरा असू शकतो. आणि अपघात घटले की माणसं निर्धास्त होतात, म्हणजे जोखीम वाढते. अपघात वाढले तर ती वाढतेच. दोन्हीकडून खरं ठरणारं असं शास्त्र ज्योतिषानंतर हेच.

"म्हंजी मी एखादी ठोकायला पायजे हुती."

"ठोकल्यावर आजून वाढतो, नाना." भागवतने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "गाडी नानीच्या नावावर हाय की."

नानी म्हणजे नानांची बायको, मनकर्णा. तिला जाऊन आठ महिने झाले होते. तिने शेळ्या विकून गाडी घेतली, आपल्या नावावर केली आणि जाईपर्यंत शेजारी बसून नानांना ब्रेक कधी दाबायचा ते सांगितलं.

अशा प्रसंगासाठी आपल्या दफ्तरांकडे एक फार सौम्य शब्द आहे. माणूस मेला असं दफ्तर कधी म्हणत नाही. 'नाव कमी केलं' असं म्हणतं. मनकर्णाबाईंचं नाव रेशनकार्डावरून चार दिवसांत कमी झालं. (ते चढवायला लग्नानंतर सहा वर्षं लागली होती.) मग मतदार यादीतून कमी झालं, बँकेतून झालं, डेअरीतून झालं. प्रत्येक ठिकाणी नानांनी, जिथं बोट दाखवलं तिथं, सही केली. आता ती फक्त गाडीच्या कागदांवर शिल्लक होती. गेल्याच महिन्यात कंपनीने तिच्या मोबाईलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. तिचा वाढदिवस लक्षात ठेवणारे आता दोघंच होते, नाना आणि कंपनी.

"दाखला आनलाय ना? द्या, नाव कमी करून टाकतो."

"आन् हप्ता?"

"हप्ता कमी हुत न्हाई, नाना. नाव हुतं."

नानांनी थोडा विचार केला. "मेलेल्या मानसाला अपघात हुत न्हाई, भागवता. म्हंजी जोखीम काय न्हाई. तिचा इमा तर फुकटात पायजे."

मुद्दा बिनतोड होता. भागवतने प्रामाणिकपणे योजनांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "मयताला सवलत न्हाई. ते पुढच्या वर्षी भरायला येत न्हाईत ना."

मृत्यूचा दाखला नानांच्या वरच्या खिशात होता. त्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "न्हाईच दिला तर?"

भागवतने दाराकडे बघून घेतलं. "तर मला काय म्हाईत न्हाई. पैशे भरा, नानीच्या नावानं पॉलिसी निघंल. पर उद्या काय झालं तर कंपनी एक रुपया देनार न्हाई. निस्ता कागद हाय बघा तो."

"कागदच पायजे," नाना म्हणाले.

त्यांनी वाढलेला हप्ता पूर्ण भरला. प्रिंटरमधून पान आलं : सौ. मनकर्णा गहिनीनाथ. नानांनी 'सौ.' दोनदा वाचलं. भागवतने त्यांच्या अर्जावर 'निकाली' असा शिक्का मारला आणि पाणी मागवलं.

आपल्या पैशात नेमकं काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे पक्कं माहीत असलेला त्या शाखेचा हा पहिलाच ग्राहक. बाकीच्या ग्राहकांपैकी किती जणांनी पॉलिसी उघडून वाचली, याचा आकडा कंपनीकडे तयार असतो. हप्ता त्या आकड्यावर ठरतो. अपघात आपले उगीच कमी-जास्त होत राहतात. आपण इथपर्यंत वाचत आलात, म्हणजे आपल्याला वाचनाची आवड आहे. आपल्या पॉलिसीच्या कितव्या पानावर आहात?